काचेला भोक पाडायचं की नाही

निमाआत्या आमच्याकडे आली त्या दिवशी तिच्याआधी तिची काचेची टाकी जिना चढली. टेम्पोबरोबर आलेली माणसं ती जुन्या चादरीत गुंडाळून, "आहिस्ता, आहिस्ता, कोना संभालो" असं एकमेकांवर ओरडत वर आणत होती. खाली फाटकाशी आमचे तेलुगू घरमालक शेषगिरीगारू लुंगीचा सोगा हातात धरून, मान मागे टाकून बघत होते. टाकीमागून लोखंडी स्टँड आला, मग निळ्या प्लॅस्टिकचे दोन ड्रम आले. त्यांच्या आत काहीतरी जड हललं की माणसं दचकून थांबायची. सगळ्यात शेवटी आत्या, हातात एक बॅग. बाबा अजून ऑफिसातून यायचे होते. आईने दारातच विचारलं, "निमाताई, अहो हे सगळं काय?" आत्या म्हणाली, "वहिनी, आधी प्लगची जागा दाखवा. मग सांगते."

ते 'मग' यायला बरेच दिवस लागले. तोवर घरात कुणी काही विचारलं नाही, आणि न विचारण्याचंच एक ओझं सगळ्यांच्या अंगावर बसलं. आत्या बाबांची एकुलती एक बहीण, पटनचेरूकडे कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहणारी, महिला कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये नोकरीला. काका कारखान्यात सुपरवायझर. मूलबाळ नव्हतं. सणाला दोघं यायचे तेव्हा काका नीट इस्त्रीचा शर्ट घालून सोफ्यावर बसायचे, सगळ्यांची चौकशी करायचे, माझ्या अभ्यासाबद्दल विचारायचे. मला ते आवडायचे, हे इथे सांगून टाकायला हवं. आत्या त्यांच्या शेजारी बसून फारसं बोलायची नाही, एवढंच लक्षात राहिलं आहे.

बरकतपुऱ्यातलं आमचं घर पहिल्या मजल्यावर होतं. एक हॉल, एक खोली, स्वयंपाकघर आणि बदामाच्या झाडाकडे उघडणारी लांबट गॅलरी. माझे आजोबा देगलूरकडून इकडे आले, पण स्वतःचं घर ना त्यांना जमलं, ना तोवर बाबांना. भाड्याचं घर शोधताना बाबांनी किती दारं पाहिली होती हे मी आईकडून ऐकलं आहे. बोलणं चांगलं चालायचं, मग आडनाव विचारलं जायचं, मग "घरात विचारून कळवतो." शेषगिरीगारूंनी आडनाव विचारलंच नव्हतं. त्यांनी फक्त विचारलं होतं, "पाणी जपून वापरता ना?" त्यामुळे बाबा त्या घरात पाहुण्यासारखे राहायचे. भिंतीत खिळा ठोकायचा तरी खाली विचारून यायचे. आई सरकारी दवाखान्यात नर्स होती. ती रात्रपाळीहून आली की आम्ही सगळे चवड्यांवर चालायचो, आणि त्यात खालच्यांना त्रास नको हा विचारही असायचा. अशा घरात सात-आठ माणसांच्या वजनाएवढं पाणी एका कोपऱ्यात येऊन उभं राहिलं. संध्याकाळी बाबा आले, टाकीकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, आणि पहिलं वाक्य बोलले ते, "स्लॅब धरेल का?"

टाकीत दोन मासे होते. ऑस्कर म्हणतात त्यांना. तळहाताहून मोठे, काळे, अंगावर निखाऱ्यासारखे नारिंगी डाग. आत्या हॉलमध्ये आली की काचेला तोंड लावून शेपटी हलवायचे, आणि बाबा आले की मागे कोपऱ्यात जायचे. ते भरपूर खायचे आणि तेवढीच घाण करायचे. जुन्या घरी त्यांना दमदार मोटर होती, पण ती आणायला वेळ मिळाला नाही, असं आत्या म्हणाली. इथे होता फक्त एक हवेचा पंप आणि त्याला जोडलेला हाताएवढा स्पंज. तो पंप अखंड घरघरायचा. भिंतीला टेकला की भिंत घरघरायची, खाली गोणपाट घातलं की थोडा नरमायचा, तरी त्याने बाबांचं डोकं दुखायचं. मी हॉलमध्येच आत्याशेजारी गादी टाकून झोपायचे. पहिले काही दिवस त्या आवाजाने माझ्या दाढा दुखायच्या, नंतर त्याच्याशिवाय झोप येईना.

खरी काळजी पाण्याची होती. उन्हाळा तापलेला, नळ एक दिवसाआड, दुपारी वीज जायची. आत्या कॉलेजातून येताना बाटल्यांमधून काहीतरी आणायची, टाकीतलं पाणी परीक्षानळीत घेऊन दोन थेंब टाकायची आणि रंगाकडे बघत बसायची. पिवळं राहिलं तर ठीक. ते दर दिवसाला जरा जास्त हिरवं होत होतं. "पाणी तर स्वच्छ दिसतंय की गं आत्या," मी म्हणायचे. ती म्हणायची, "दिसणारी घाण मासे मारत नाही उजू. न दिसणारी मारते." मग तिने मला समजावलं की माशांच्या घाणीतून विष तयार होतं, ते खाणारे सूक्ष्म जंतू असतात, आणि फिल्टर म्हणजे खरं तर त्या जंतूंचं घर. घर लहान तर जंतू थोडे, जंतू थोडे तर विष उरतं. दोन ऑस्करना त्या स्पंजातलं घर पुरत नव्हतं. तिचं जेवणही त्या हिरव्या रंगावर चालायचं. रंग चढला की ताटातली भाकरी तशीच राहायची. आई तिच्या आवडीची अंबाडीची भाजी करायची, वरून लसणाची फोडणी घालायची, तरी ती दोन घास खाऊन उठायची आणि बादली घेऊन टाकीकडे जायची.

एका संध्याकाळी आम्ही दोघी चादरघाटाच्या बाजूला माशांच्या दुकानात गेलो. दुकानदार करीमभाई बडबडे गृहस्थ होते. त्यांनी खाली जाळी आणि वर खडे असा फिल्टर पुढे केला. आत्या म्हणाली, "ऑस्कर खडे उकरतात भाई. दो दिन में जाली ऊपर." मग त्यांनी एका परदेशी डब्याचं चित्र दाखवलं. बंद डबा, टाकीखाली ठेवायचा, आवाज अजिबात नाही. मद्रासहून मागवावा लागेल म्हणाले. माझे डोळे चमकले, कारण आवाज नाही म्हणजे बाबांची तक्रार नाही. आत्याने मात्र मान हलवली. "और लाइट गई तो? बंद डिब्बे में हवा नहीं. जंतू मर जाएंगे, लाइट आई तो वही सडा हुआ पानी टँक में." करीमभाई हसले. "आप तो पहले से सोचके आए मॅडम. फिर संप बनाओ ना. नीचे एक खुला टँक, उसमें स्पंज, पत्थर, जो होना वो भरो." आत्या दुकानातून बाहेर पडली. रिक्षात बसल्यावर मी विचारलं, "संप चांगला नाही का?" ती म्हणाली, "सगळ्यात चांगला तोच. पण त्याला टाकीच्या काचेला भोक पाडावं लागतं. भोक पाडून खाली नळी जोडलेली टाकी मग उचलून कुठे नेता येत नाही. जिथे आहे तिथली होते." मग ती बाहेर बघत राहिली, आणि मला पहिल्यांदा कळलं की हा प्रश्न नुसता माशांचा नाही.

बाबांनाही ते कळत होतं. म्हणूनच ते भोकाचा विषय निघाला की उठून गॅलरीत जायचे. "आणखी एक स्पंज लाव ना," ते म्हणायचे. "तात्पुरतं भागेल."

"तात्पुरतं म्हणजे किती दिवस, दादा?"

 बाबांना बहीण नकोशी झाली होती असं नाही. रोज ऑफिसातून येताना ते तिच्यासाठी उस्मानिया बिस्किटं आणायचे, टेबलावर ठेवायचे. पण त्यांच्या डोक्यात एकच होतं, की हे चार दिवसांचं भांडण आहे, मिटेल, ती परत जाईल, आणि त्याआधी आपण असं काही करू नये ज्याने परतीचा रस्ता बंद होईल. आमच्याकडे तेव्हा फोन नव्हता. फोन खाली शेषगिरीगारूंकडे. त्यांची बायको जिन्याखालून हाक मारायची, "निर्मलम्मा, फोन!" हाक आत्याला असायची, फोन काकांचा, आणि त्या हाकेसरशी आम्ही चौघंही जिथे असू तिथे थांबायचो. आत्या खाली जायची नाही. बाबा जायचे. वर येऊन सांगायचे, "तब्येत विचारत होते. चांगलं बोलत होते गं." आत्या परीक्षानळी धुवत राहायची. आज माझी पन्नाशी उलटून गेली, माझ्या घरात फोन दिवसभर वाजत असतो, तरी खालून कुणी नाव घेऊन हाक मारली की मी अजून तशीच जिथल्या तिथे थांबते.

मग तो शनिवार आला. बाबांना सुट्टी होती, आई ड्यूटीवर. आत्या मला घेऊन बेगम बाजारात गेली, स्पंजाचे मोठे तुकडे आणि नळ्या बघायला. मिरच्यांच्या पोत्यांमधून शिंकत, हातगाड्या चुकवत आम्ही फिरलो. भोकाचा निर्णय झालाच नव्हता, पण ती नळ्यांची तोंडं हाताने मोजत होती, आणि बऱ्याच दिवसांनी जरा मोकळी बोलत होती. उन्हातून घरी आलो. फाटक उघडून जिना चढायला लागलो आणि अर्ध्यावर आत्या एकदम थांबली. मला वाटलं दम लागला. तिने माझं मनगट घट्ट धरलं होतं. "ऐक," ती म्हणाली. मला काहीच ऐकू येईना. ऐकू येण्यासारखं काही नव्हतंच. पंपाची घरघर बंद होती. खाली शेषगिरीगारूंच्या घरात रेडिओ चालू होता, पंखा फिरत होता, म्हणजे वीज होती.

पिशव्या जिन्यातच टाकून ती वर धावली. बाबा सोफ्यावर, डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून आडवे झाले होते. टाकीत दोन्ही मासे वर, पाण्याच्या कडेशी तोंडं उघडी करून धापा टाकत होते, आणि त्यातला एक कलंडला होता. आत्याने बटण दाबलं. पंप घरघरला. तिने तांब्याने टाकीतलं पाणी उचलून उंचावरून परत ओतायला सुरुवात केली. भराभर, पुन्हा पुन्हा, साडी भिजत होती तरी. मीही पातेलं आणून तसंच करू लागले. बाबा उठून बसले होते. "अगं, डोकं फुटायची पाळी आली होती," ते गडबडून म्हणत होते, "म्हटलं जरा वेळ बंद करू. मला काय माहीत इतक्यात असं होईल..."

बऱ्याच वेळाने कलंडलेला मासा सरळ झाला. आत्या टाकीला पाठ लावून फरशीवर बसली. चेहरा पांढराफटक. ती रडत नव्हती. बाबांकडे न बघताच म्हणाली, "तेपण असंच बंद करायचे, दादा."

"कोण?"

"भाजीत मीठ कमी पडलं की. मला कॉलेजातून यायला उशीर झाला की. मी आईच्या आजारपणात इकडे राहिले होते ना, तेव्हा. ते मला काही बोलायचे नाहीत, हातही लावायचे नाहीत. फक्त उठून बटण बंद करायचे आणि पेपर वाचत बसायचे. मी माफी मागेपर्यंत. माझ्याकडे सहा मासे होते. लोकांना काय सांगू मी? नवरा पंप बंद करतो म्हणून घर सोडलं?"

 बाबांच्या हातात तो ओला रुमाल होता, त्यातून पाणी टपकत होतं.  इस्त्रीच्या शर्टातले, माझ्या अभ्यासाची चौकशी करणारे काका डोळ्यांसमोर येत होते आणि त्यांचा हात बटणाकडे जाताना दिसत होता. मी आत जाऊन चहा टाकला. कुणी तो प्यायलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा अंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून खाली गेले. आम्हाला काही सांगितलं नव्हतं. आई जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहून ऐकत होती, मी तिच्यामागे. बाबांनी शेषगिरीगारूंना सांगितलं की माझी बहीण आता आमच्याकडेच राहणार आहे, आणि ती टाकीही राहणार आहे, कायमची.  आईने माझा हात दाबला. मग शेषगिरीगारू वर आले, चष्मा लावून हॉलची जमीन बघितली, भिंतीवर थापा मारल्या. "इदर नक्को," ते म्हणाले. "उदर नीचे बीम है. उस दीवार को लगाके रखो." मग बाबांकडे वळून, "नीळ्ळु नीचे आया तो?" नीळ्ळु म्हणजे पाणी. बाबा म्हणाले, "आया तो मेरी जिम्मेदारी." त्यांनी मान डोलावली आणि जाताना टाकीपाशी वाकून माशांना बघितलं. "बहुत बडा है," एवढंच म्हणाले. आई स्वयंपाकघरात जाऊन पदराने तोंड पुसत राहिली.

काचेला भोक पाडण्याचा तो दिवस मी कधी विसरणार नाही. मासे ड्रममध्ये, टाकी रिकामी, आडवी गादीवर ठेवलेली. काचवाल्याने भोकाच्या जागेभोवती ओल्या मातीचं आळं केलं, त्यात पाणी ओतलं आणि यंत्र लावलं. काच किंचाळते तेव्हा कसा आवाज होतो ते ज्याने ऐकलंय त्यालाच कळेल. तडा गेला तर टाकी गेली, आणि ड्रममधल्या कोंदट पाण्यात ते मासे फार काळ काढू शकले नसते. आत्या ड्रमवर हात ठेवून उभी होती, बाबा भिंतीकडे तोंड करून. आवाज थांबला. काचवाल्याने काचेची गोल चकती आत्याच्या हातावर ठेवली.

संप बसवायला आणखी दोन दिवस गेले. वरच्या टाकीतलं जास्तीचं पाणी भोकातून खालच्या टाकीत पडायचं, स्पंज आणि दगडांमधून जायचं आणि मोटरने पुन्हा वर. चालू केल्यावर सगळं सुरेख चाललं. पण आत्या म्हणाली, "वीज गेल्यावर काय होतं ते बघायला हवं." बाबांचा हात बटणाकडे गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "तूच कर," ते म्हणाले. आत्याने बटण बंद केलं. खालच्या टाकीत पाणी चढू लागलं. ते थांबायला हवं होतं, थांबेना. कडेच्या अगदी खाली आलं, तरी चढतच होतं. "नळीतून उलटं ओढतंय!" आत्या ओरडली. पाणी वर आणणाऱ्या नळीला हवेसाठी बारीक भोक ठेवायचं राहून गेलं होतं, त्यामुळे नळी वरचं पाणी खाली खेचत होती. बाबांनी शर्टाच्या बाहीसकट हात टाकीत घातला आणि नळी पाण्याबाहेर उचलून धरली. पाणी काठाशी थबकलं. दोन-चार थेंबच फरशीवर पडले, ते आईने झडप घालून पुसले, जणू शेषगिरीगारू खाली छताकडे बघत बसले होते. बाबा तसेच भिजल्या बाहीने उभे, आणि माझी गंभीर आई आधी हसायला लागली. मग आम्ही सगळेच. सुई तापवून नळीला भोक पाडलं, पुन्हा बटण बंद केलं. पाणी बरोबर जिथे थांबायचं तिथे थांबलं.

त्यानंतरच्या रविवारी काका आले. फोन न करता आले, इस्त्रीच्या शर्टात, मिठाईचा पुडा घेऊन. आत्या आतल्या खोलीत होती. ते सोफ्यावर बसले, आईची ड्यूटी विचारली, मला विचारलं इंटरच्या परीक्षेत किती टक्के येतील. मला 'चांगले' एवढाच शब्द काढता आला. आत्या बाहेर आली, समोरच्या खुर्चीवर बसली. काका शांतपणे म्हणाले की झालं गेलं पुरे झालं, लोक विचारायला लागले आहेत, बॅग भर, टाकीसाठी नंतर टेम्पो पाठवतो. आत्या म्हणाली, "टाकी आता हलत नाही. तिला भोक पाडलंय." काका हसले. पाण्याची खळखळ चालू होती. ते म्हणाले, "या आवाजात धड बोलणंही होत नाही. जरा बंद करू, मग नीट बोलू," आणि उठून, अगदी सहज, बटणाकडे निघाले.

बाबा मध्ये येऊन उभे राहिले. माझे बाबा उंचीने काकांच्या खांद्याला लागायचे. ऑफिसात, बसमध्ये, घरमालकापुढे, कुठेही आवाज चढवल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्या दिवशीही त्यांनी तो चढवला नाही. "राहू द्या," ते म्हणाले. "या घरात ते बंद करत नाहीत."

"अहो दादा, दोन मिनिटं..."

"नाही. तुम्हाला बोलायचं असेल तर या आवाजातच बोला. नसेल तर चहा घ्या आणि या."

काका जागीच थांबले.  मी आत्याकडे पाहिलं, ती काकांकडे बघतच नव्हती. ती भावाच्या पाठीकडे बघत होती. काकांनी मिठाईचा पुडा टेबलावरून उचलला, पुन्हा खाली ठेवला, आणि चपला घालून जिना उतरले. फाटकाची कडी वाजली. नंतर कोर्ट, नातेवाइकांच्या बैठका, बाबांवर ठेवलेला ठपका, हे सगळं बरीच वर्षं चाललं. ती माणसं आता नाहीत, त्यांच्याबद्दल लिहिण्यात मला रस नाही. आत्या आमच्याकडे राहिली, रिटायर झाली, आणि आज माझ्याच घरात, मागच्या खोलीत दुपारची झोपलेली आहे.

पण त्या रविवारी, कडी वाजल्यावर, बाबा पहिल्यांदा खुर्चीत बसले आणि आईने त्यांच्यासाठी पाणी आणलं. तिने पेला त्यांच्या ओठाला लावला. ते प्यायले, मग टाकीकडे बघत म्हणाले, "निमा, यांची खायची वेळ झाली असेल ना? आज मी देतो."

आत्याने डबा उघडून त्यांच्या हातावर ठेवला. मासे बाबांना पाहून नेहमीप्रमाणे मागे सरकले. बाबांनी मूठभर गोळ्या उचलल्या.

"एवढं नाही, दादा," आत्या म्हणाली. "थोडं थोडं टाक. येतील ते."